जजबाई मतांनी पडल्या त्याची गोष्ट

अहो वहिनी, ती मेथी इकडे कुंपणापाशीच घेऊन या निवडायला. भावोजी झोपलेत का? त्यांनाच विचारायचं होतं खरं तर. उभा जन्म कोर्टात शिरस्तेदारी केली त्यांनी, पण जज निवडणुकीत पडलेला कधी पाहिलाय का म्हणावं.

कॅलिफोर्नियात पडली की एक बाई! रोझ बर्ड नाव तिचं. तिथल्या सुप्रीम कोर्टाची मुख्य न्यायाधीश होती. नाही हो, दिल्लीतल्यासारखं अख्ख्या देशाचं कोर्ट नव्हे. तिकडे राज्याराज्याचं आपापलं असतं. सात जज. नेमतो गव्हर्नरच, पण पुढे मतपत्रिकेवर त्यांची नावं येतात आणि लोकांना विचारतात, ठेवायचे का यांना? समोर दुसरा उमेदवार नाही, नुसतं हो किंवा नाही. आमची धाकटी तिकडची नागरिक झाली ना, तिलाही येते ही मतपत्रिका. त्या जजांतला एकही तिला माहीत नाही. तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा तिच्या पलीकडच्या आजीने मला ही सगळी कथा सांगितली. बाकीची मग मी लायब्ररीत बसून वाचली. आता दुपारी तिथे दुसरं करायचं तरी काय?

बाई गरिबीतून वर आलेली. जन्म १९३६ चा, अ‍ॅरिझोनातला. बाप लहानपणीच गेला, आईने कारखान्यात काम करून मुलं वाढवली. ही शिकली, बर्कलेला वकील झाली, आणि सँटा क्लारा काउंटीत गरिबांचे खटले सरकारी खर्चाने लढवणाऱ्या वकिलांत लागली. त्या कचेरीत बाई म्हणून पहिलीच. पुढे १९७४ साली जेरी ब्राउन गव्हर्नरपदाला उभा राहिला. त्याची गाडीसुद्धा चालवली हिने प्रचारात. तो निवडून आला आणि शेती आणि सेवांचं खातं हिच्या हाती दिलं. तिथल्या मंत्रिमंडळात त्याआधी बाई नव्हती.

आणि वहिनी, वैर धरलं गेलं ते इथे. कोर्टाचा तर अजून पत्ताच नव्हता. तिकडे लेट्यूसच्या शेतांत मेक्सिकन मजूर हातभर दांड्याच्या कुदळीने तण काढायचे, दिवसभर कमरेत वाकून. लांब दांडा का देत नाहीत म्हणाल? तर मालक म्हणायचे, पीक तुटेल. शिवाय आखूड दांड्याचा एक फायदा असा, की जो ताठ उभा राहिला तो लांबूनच दिसायचा मुकादमाला. पाठी कामातून गेल्या लोकांच्या. हिच्या कारकिर्दीत, १९७५ साली, त्या कुदळीवर बंदी आली. त्याच वर्षी शेतमजुरांना युनियनसाठी गुप्त मतदानाचा हक्क देणारा कायदाही झाला, त्यातही हिचा हात मोठा. बागायतदार काय विसरतात होय? आपल्याकडे अजून बायका खुरपं घेऊन उकिडव्या बसतात, त्यांच्या गुडघ्यांचं कोणी विचारत नाही, तो भाग वेगळा.

मग १९७७. मुख्य न्यायाधीशाची जागा रिकामी झाली आणि ब्राउनने हिलाच बसवलं. वय चाळीस. त्याआधी एक दिवसही जज नव्हती! त्या कोर्टात तोवर बाईच आली नव्हती, ही आली ती थेट सगळ्यांच्या डोक्यावर. स्टॅन्ली मॉस्क म्हणून एक मुरलेले जज होते, १९६४ पासूनचे. खुर्ची आपल्यालाच मिळणार असं त्यांना वाटत होतं. आता तुम्हीच सांगा, त्या घरात भांड्याला भांडं लागणार नाही का? त्यातून हिने आल्या आल्या कोर्टाची आलिशान कॅडिलॅक काढून टाकली. लोकांचा पैसा वाचला खरा, पण ज्यांना त्या गाडीत बसायची सवय, त्यांना काय वाटलं असेल! स्वभावही म्हणे तुटक, पटकन कुणावर विश्वास टाकायची नाही. हे मात्र तिच्या बाजूचे लोकही मान्य करतात.

पुढच्याच वर्षी घरपट्टीचं आलं. हे ऐका, हे तुम्हाला पटेल. लोकांनी मतदानाने ठरवलं की घरपट्टी जुन्या किमतीवर गोठवायची. घर विकलं गेलं की मगच नवी किंमत लावायची. म्हणजे शेजारीशेजारी दोन सारखी घरं, पण जुन्याला पट्टी थोडी आणि नव्याला भरमसाट. कोर्टाने ते चालवून घेतलं. ही एकटी म्हणाली, हा भेदभाव आहे. आमची धाकटी अजून भरतेय ना ती भरमसाट! पलीकडची आजी तिच्या मानाने चिमूटभर भरते. गोड आहे हो म्हातारी, पण बर्डबाईंचं याबाबतीत चुकलंच असं ठासून सांगत होती. का नाही सांगणार!

तो निकाल सप्टेंबरचा, आणि नोव्हेंबरात हिचं नाव मतपत्रिकेवर. ऐन मतदानाच्या सकाळी पेपरात बातमी: बंदुकीच्या एका खटल्याचा निकाल तयार आहे, पण मतदान होईपर्यंत मुद्दाम दाबून ठेवलाय. तरी ५१.७ टक्क्यांनी निभावलं. मग १९७९ साली चौकशी बसली, तीही उघड. जजच एकमेकांबद्दल साक्षी देतायत आणि लोक बघतायत! मॉस्क म्हणाले, मी चारचौघांत बोलणार नाही. कोर्टात गेले, जिंकले, आणि पुढची चौकशी बंद दाराआड झाली. निघालं काहीच नाही. पण एकदा अशी शोभा झाली की ती पुसली जाते का?

खरा घाव १९८६ चा. तोवर देहदंडाची साठाहून अधिक प्रकरणं हिच्यासमोर आली होती आणि एकातही हिने शिक्षा कायम करा म्हणून मत दिलं नाही. एकातसुद्धा नाही! कुठे ज्युरीला नीट समजावलं नव्हतं, कुठे आणखी काही. एकेक निकाल वाचला तर कारण असतं. पण लोक निकाल वाचत नाहीत, आकडा वाचतात. तेव्हाचा गव्हर्नर ड्यूकमेजियन, देहदंडाचा कायदा त्यानेच आमदार असताना आणलेला. तोही विरोधात उतरला. टीव्हीवर खून झालेल्यांच्या घरचे लोक. पैसा मात्र बड्या व्यावसायिकांनीही ओतला, आणि बागायतदार होतेच. त्यांना फाशीचं काय हो पडलं होतं? जाहिरातीत कुदळ दाखवून मतं मिळाली नसती, एवढंच.

पडली. तीनातल्या दोघांनी नाही म्हटलं. क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन हे दोघेही तिच्याबरोबर गेले. ही मतदानाची पद्धत १९३४ पासूनची, तोवर त्या कोर्टातला कोणी पडला नव्हता आणि त्यानंतरही कोणी नाही. आणि मॉस्क? अनेक खटल्यांत तिच्याच बाजूने मत दिलेले, पण नेमके सुटले! २००१ साली वारेपर्यंत खुर्चीत. माणसं जोडून ठेवलेली, दुसरं काय.

तिचं पुढे? पालो अल्टोत म्हाताऱ्या आईबरोबर राहिली. गरिबांना कायद्याची मदत देणाऱ्या एका ठिकाणी फुकट काम करायला गेली, तर तिथल्यांनी म्हणे ओळखलंच नाही, झेरॉक्स काढायला बसवलं. हिनेही सांगितलं नाही, काढत बसली. कर्करोग १९७६ पासून मागे लागलेला, त्यानेच १९९९ च्या डिसेंबरात गेली. त्रेसष्ट वर्षांची.

आता पुढचं ऐका. नवे जज आले, शिक्षा धडाधड कायम व्हायला लागल्या. पण प्रत्यक्षात देहदंड किती झाले? १९९२ पासून २००६ पर्यंत तेरा. त्यानंतर एकही नाही, आणि २०१९ साली तिथल्या गव्हर्नरने थांबवूनच टाकलं. मग मला सांगा, अडवत होती ती ही एकटीच का?

काय म्हणालात? ज्यांचं लेकरू गेलं त्यांनी काय करायचं? ...हां, ते आहेच. जाहिरातीतल्या त्या आया काही खोट्या नव्हत्या. पण त्यांना पुढे करून मागे कोण उभं होतं, हे नको का बघायला? थांबा, भावोजी उठले वाटतं. चहा ठेवा आणि त्यांना इकडेच पाठवा. पडलेल्या जजला पेन्शन मिळते का, ते विचारायचंय मला.