पावणेतीन फुटांवरचं वैभव

माझं बजेट २५ हजारांचं आणि हौस दोन लाखांची. मधली दरी बुजवायला दुकानदारानं तीन पायऱ्या मांडून ठेवल्या होत्या : एचडी रेडी, फुल एचडी आणि फोर-के. पहिल्या पायरीकडे मी मान वळवूनही बघितलं नाही. ३२ इंची एचडी रेडी आमच्याकडे आहेच, आणि तो बिघडलेला नाही, हीच तर माझी अडचण होती. चालू टीव्ही बदलायचा तर घरात काहीतरी कारण द्यावं लागतं.

ते कारण केंद्र सरकारनं पुरवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत २० हजार धरली तर सरळ दोन हजार वाचतात. मी हे घरात अशा सुरात सांगितलं, की टीव्ही घेतला नाही तर आपण दोन हजारांना बुडालोच. लेक म्हणाली, “बाबा, घेतलाच नाही तर तेवीस हजार सहाशे वाचतात.” तिला कॉमर्सला घालायचा आग्रह माझाच होता.

खरं कारण भिंतीपलीकडे होतं. शेजारच्या भाऊंकडे फोर-के आला होता. १९८०च्या दशकात ओनिडाच्या जाहिरातीत शिंगं-शेपटीवाला एक सैतान यायचा आणि शेजाऱ्याच्या जळफळाटावर टीव्ही खपवून जायचा. जाहिरातींतून तो निवृत्त झाला असेल, पण आमच्या आळीत त्याची पेन्शन अजून चालू आहे. भाऊ नुसतं “टीव्ही लावतो” असं म्हणत नाहीत, “फोर-के लावतो” म्हणतात. मला चित्र स्पष्ट नको होतं. मला ते वाक्य हवं होतं.

खोपोलीतल्या दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले, आणि सगळ्यांवर पोपट, फळं आणि धबधबे. धबधब्याचा थेंब न् थेंब मोजून घ्यावा. आम्ही तिघं आ वासून बघत उभे. त्या वर्षी पाऊस लांबलेला, दुकानाबाहेर घाटावरून खरे धबधबे कोसळत होते. पण तिकडे बघायला आम्हाला वेळ नव्हता. विक्रेता पोरगेला होता. “काका, हे बघा, एचडीआर टेन प्लस.” मला त्यातलं ‘काका’ तेवढं कळलं आणि तेच लागलं. मी केस रंगवतो. पोराचं लक्ष मात्र रंगांच्या संख्येवर होतं, माझ्या रंगावर नव्हतं.

घरी येऊन मी वही काढली. कंपनीत आयुष्य स्टोअरला गेलं, त्यामुळे माल मोजून घेतल्याशिवाय मला झोप येत नाही. फोर-केच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके. फुल एचडीवर २० लाख ७३ हजार ६००, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. आता आमच्या पत्र्यावर जी छत्री आहे ती फ्री डिशची. तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या साध्या, म्हणजे ७२० गुणिले ५७६. हिशेब केला तर ४ लाख १४ हजार ७२०. मी भागाकार केला आणि पेन्सिल खाली ठेवली. बाकी शून्य, उत्तर २०. म्हणजे फोर-केच्या दर वीस ठिपक्यांमागे आमच्या छत्रीतून एक येणार आणि उरलेले एकोणीस टीव्ही स्वतःच्या मनानं भरणार! त्याला अपस्केलिंग म्हणतात. महागातला टीव्ही हे बरं करतो. माझ्या बजेटातला करतो तेव्हा बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा लोण्यात बुडवून काढल्यासारखा दिसतो.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हाही चित्राच्या ओळी ५७६च होत्या. पन्नास वर्षांत टीव्हीचं पोट गेलं, रंग आले, रिमोट आला, नि आमच्या छत्रीतून उतरणाऱ्या ओळी तेवढ्याच. बरं, पैसे भरून एचडी घ्यावं तर मराठी वाहिन्यांचं एचडी १०८० ओळींपाशी थांबतं. म्हणजे फुल एचडीत बसतं तेवढंच. खरा फोर-के बघायचा तर इंटरनेटवरून, आणि नेटफ्लिक्सवर तो हवा असेल तर त्यांचा सगळ्यात महागडा प्लॅन घ्यायचा. शिवाय आमचा पाऊस. जोराची सर आली की छत्रीचा सिग्नल जातो. ‘सिग्नल उपलब्ध नाही’ ही पाटी फोर-केवर फार रेखीव दिसते, असं भाऊच एकदा चिडून म्हणाले होते.

आणि सिग्नल असला तर वीज नसते. या एका गोष्टीवर मला विनोद सुचत नाही. खोपोलीत टाटांचं वीजघर १९१५पासून उभं आहे. लोणावळा, वळवण, शिरवट्याचं पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली उतरतं, चक्रं फिरवतं, वीज मुंबईला जाते आणि पाणी पाताळगंगेला. शंभरावर वर्षं मुंबईच्या गिरण्या, गाड्या आणि आता मॉल त्या विजेवर चालले. आमच्याकडे पहिली सर आली की खांबावरचा फ्यूज उडतो नि वायरमनच्या फोनची घंटी वाजत राहते. अंधारात सगळ्या टीव्हींचं रिझोल्यूशन सारखंच असतं.

तर, घ्यावा कुठला? बोंबील असते तर मी डोळे मिटून सांगितलं असतं.

खोपोलीजवळच्या आमच्या साजगावात राहणाऱ्या माणसाला टीव्ही कळला नाही तरी चालतो, सुकं कळलंच पाहिजे. कार्तिकात आमच्या बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. वर देवळात टाळ-मृदंग, माळकऱ्यांची रांग, बुक्का. आणि खाली सुक्या मासळीचा बाजार. जगात दुसरीकडे कुठे विठ्ठलाच्या नाकासमोर एवढा जवळा विकला जात असेल असं वाटत नाही, आणि देवानंही कधी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. गावात गोष्ट सांगतात, की तुकोबा मिरची विकायला कोकणात उतरायचे. इथल्या लोकांनी मिरची उधारीवर नेली आणि पैशांचं नाव काढीनात. मग कुणी म्हणतं तुकोबांनी बोंब ठोकली, कुणी म्हणतं खुद्द विठोबानं ठोकली आणि वसुली करून दिली. टीव्हीच्या दुकानात विनाव्याज हप्त्यांचा फॉर्म पुढे सरकवणाऱ्या त्या पोराला मी ही गोष्ट सांगणार होतो. पण आम्ही त्याच लोकांचे वंशज आहोत हे लक्षात येऊन गप्प बसलो.

विषय बोंबलांचा चालला होता. चांगला बोंबील पिवळसर पांढरा असावा. लालसर झाला म्हणजे जुना. वाकवला की कट्कन मोडला पाहिजे. वाकला आणि मोडला नाही, तर तो सादळलाय. बाईनं कितीही गळ्याची शपथ घेतली तरी खाली ठेवावा. जवळा मुठीत घ्यायचा, चोळायचा, सोडून द्यायचा आणि तळवा बघायचा. रेती असेल तर तळव्याला राहते. मांदेली वासावर घ्यायची. वाकट्या लांबीवर भुलून घेऊ नयेत. आणि सोडे! सोड्यांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं मला शक्य नाही. सोडे आधीच सोन्याच्या भावानं, त्यामुळे एकेक चिमटीत दाबून बघायचा. आत मऊ लागला की समजावं, मावशी वजनात पाणी विकतेय. मग मावशी म्हणणार, “दादा, घ्यायचं तर घे, दाबून दाबून पीठ नको करू.” मग आपण दोन पावलं पुढे जायचं. मग ती हाक मारणार. मग आपण ऐकू न आल्यासारखं करायचं. दुसऱ्या हाकेला वळायचं, पहिल्या हाकेला वळणारा माणूस फुकट गेला. या विद्येत माझा हात धरणारा आळीत नाही. वांगं-सोड्यांचं कालवण ज्या दिवशी असतं, त्या दिवशी भाऊ फोर-के बंद करून आमच्याकडे येतात.

टीव्हीच्या दुकानात यातलं काहीच चालत नाही. वाकवता येत नाही, चोळता येत नाही, वास एकसारखा, आणि दोन पावलं पुढे गेलं तर पोरगा हाक मारण्याऐवजी मोबाइल काढतो. माल हातानं पारखता येत नाही म्हटल्यावर मी पुन्हा वहीकडे वळलो आणि तिथे मला खजिना सापडला.

माणसाच्या निरोगी डोळ्याला एक अंशाचा साठावा भाग वेगळा दिसतो, त्याहून बारीक दिसत नाही. ४३ इंची फुल एचडीचे ठिपके या हिशेबानं साडेपाच फुटांच्या पुढे एकमेकांत मिसळून जातात. फोर-केचा ठिपका अर्ध्या रुंदीचा, त्यामुळे अंतरही अर्धं. म्हणजे ४३ इंची फोर-केचं पुरतं वैभव भोगायचं, तर पडद्यापासून पावणेतीन फुटांच्या आत बसायला हवं. आमच्या बाहेरच्या खोलीत सोफ्यापासून समोरची भिंत दहा फूट. दहा फुटांवरून दोन्ही सारखेच! आणि किमतीत सहा-सात हजारांचा फरक. लहानपणी आई कान धरून मागे ओढायची, “मागे बस, डोळे बिघडतील.” आता जास्त पैसे मोजायचे ते पुढे बसण्यासाठी.

पण मी हे वाचून दाखवत होतो तेव्हा घरात एक माणूस पावणेतीन फुटांच्या आत बसलेलं होतंच. आई. प्लॅस्टिकचं स्टूल ओढून, गुडघे टीव्हीच्या कपाटाला टेकतील इतक्या जवळ. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मालिकेतली माणसं ती आवाजावरून ओळखते. मध्येच विचारते, “ही रडतेय ती सून की सासू?” बरी नजर असलेल्यांनाही हे नेहमी सांगता येतं असं नाही, म्हणून आम्ही हसायचो. त्या संध्याकाळी हातात वही होती आणि वहीत साडेपाच नि पावणेतीन असे आकडे होते, त्यामुळे हसू आलं नाही. घरात फोर-केच्या टप्प्यात बसणारं एकच माणूस, आणि त्याच माणसाला दिसत नव्हतं.

सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात १९७६पासून चालू आहे. म्हणजे अडलं होतं ते पैशांपाशी नव्हे. ‘पाऊस उघडू दे’, ‘दिवाळी होऊ दे’, ‘अजून पिकू दे’ असं चाललं होतं. मोतीबिंदू पिकायची वाट बघावी लागत नाही, हे डॉक्टर केव्हापासून सांगताहेत. पण आमच्याकडे तो आंब्याच्या अढीत ठेवल्यासारखा ठेवला होता. खरी गोष्ट एवढीच, की तिला घेऊन जायला रजा टाकावी लागणार होती. दुकानांत टीव्ही बघायला मी रजा टाकत होतोच. पडद्याचे ठिपके ब्याऐंशी लाखांपर्यंत मोजणाऱ्या घरात आईच्या डोळ्याला ‘बघू नंतर’ होतं, आणि तिनंही कधी आवाज केला नाही. उलट म्हणाली, “आधी टीव्ही घ्या. डोळा कुठं पळून जातोय?”

आधी डोळा झाला. डॉक्टरांनी बसवलेलं भिंग दूरचं स्पष्ट दाखवणारं. जवळचं वाचायला चष्मा. पट्टी सुटल्यावर आईनं पहिलं मला निरखलं आणि भर वॉर्डात म्हणाली, “अरे, केस रंगवतोस होय? कडेला पांढरे राहिलेत.” घरी येऊन तिला छताची ओल दिसली, पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसली, आणि सुनेनं दोन वर्षांपूर्वी बदललेला पडदा “हा कधी आणला?” म्हणून दिसला. ही मला म्हणाली, “अहो, दुसरा डोळा जरा सावकाश केला तर चालेल का?”

पण या सगळ्यात माझा प्रश्न सुटला. दोन फुटांवरून आईला आता धूसर दिसू लागलं, म्हणून तिनं स्टूल उचललं आणि थेट मागच्या भिंतीला नेऊन टेकवलं. पावणेतीन फुटांच्या आत कुणीच उरलं नाही. मी ४३ इंची फुल एचडी घेतला आणि उरलेल्या पैशांतले काही सोड्यांत घातले.

हौस मात्र शिल्लक होती. भाऊ आईला बघायला आले तेव्हा मी त्यांना मोजून दहा फुटांवरच्या खुर्चीत बसवलं. “वा, अगदी आमच्यासारखंच दिसतंय,” ते म्हणाले. “फोर-के ना?” मी कप खाली ठेवून घसा साफ करत होतो, सत्य आणि असत्य यांच्या मधलं एखादं वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. जुन्या सातवीतलं इंग्रजी, एकेक अक्षर सुटं. “एफ... यू... डबल एल... एच... डी.” टीव्हीचा खोका मी माळ्यावर ठेवला होता, छापील बाजू पुढे. ऑपरेशन झाल्यापासून ती दिसेल ते वाचत सुटली आहे.

भाऊ गेल्यावर मी शिडी लावून खोका फिरवून ठेवला. आता पुढे आलेल्या बाजूवर कमाल किरकोळ किमतीचं लेबल आहे. ती आम्ही मोजलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट आहे. पाहुणे आले की मी आईला म्हणतो, “आई, माळ्यावर काय लिहिलंय गं, दिसतं का?”