बारावीनंतरची लागवड

राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ ‘कृषिदर्शनी’ काढतं. कोणत्या पिकाला जमीन कशी हवी, बियाणं एकरी किती, पेरणी कधी, कीड पडली तर काय फवारायचं, सगळं त्यात सापडतं. बारावीनंतर पोरगं कशाला टाकायचं, याची मात्र अशी दर्शनी अजून निघालेली नाही. नगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) चौदाही तालुक्यांतली घरं दर मे-जूनमध्ये हा निर्णय अंगच्या हुशारीवर घेतात. ही पद्धत इतकी पक्की मुरलेली आहे की ती कुणी लिहून ठेवली नाही, तर पुढच्या पिढीवर स्वतः विचार करायची पाळी येईल. ती येऊ नये म्हणून ही शिफारस.

मूळ तत्त्व एकच, आणि ते घोडेगावच्या किंवा नेप्तीच्या कांदा मार्केटात तासभर उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. गेल्या साली ज्याला भाव मिळाला, ते यंदा लावायचं. कांदा चढला की पुढच्या हंगामात या बांधापासून त्या बांधापर्यंत कांदाच. सगळ्यांचा माल एकदम निघतो, भाव बसतो, हात पोळलेले लोक पुढच्या साली दुसरं काहीतरी लावतात आणि नेमका त्याच साली कांदा पुन्हा चढतो. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत म्हणतात. 1934 मध्ये निकोलस काल्डॉर यांनी हे नाव दिलं, कारण मागणी-पुरवठ्याच्या आलेखावर या चढउताराच्या रेघा ओढत गेलं की कागदावर जाळंच उमटतं. पुढे 1976 मध्ये रिचर्ड फ्रीमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने दाखवलं की इंजिनियरांचंही हेच होतं. पगार चढले की पोरं तिकडे लोटतात, चार वर्षांनी सगळी एकदम बाहेर पडतात, पगार बसतात, मग वर्ग ओस पडतात. फ्रीमन एखादा लिलाव पाहायला घोडेगावला आले असते तर त्यांची बरीच आकडेमोड वाचली असती. कांद्यात आणि पदवीत फरक आहे तो मुदतीचा. लाल कांदा साडेतीन-चार महिन्यांत निघतो आणि पुढच्या लावणीला शेतकरी चूक दुरुस्त करू शकतो. पदवीचं पीक चार वर्षांचं, आणि एका पोरात ते बहुधा एकदाच घेता येतं. म्हणजे भाव पाहून लागवड करण्याचं तत्त्व कांद्यात अधूनमधून फसू शकतं. शिक्षणात ते कधीच दगा देत नाही.

पुरावा फार लांब शोधायला नको. डी.एड.चं घ्या. 2000 साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. मानधन सुरुवातीला महिना तीन हजार, पण तीन वर्षं काढली की कायम. बारावीनंतर दोन वर्षं अध्यापक विद्यालय, मग झेडपीची शाळा, मग पगार; आणि ‘पोरगा डी.एड. झालाय’ एवढ्यावर सोयरीक जमायची. विद्यालयांच्या पाट्या फाट्या-फाट्यावर लागल्या. ऑक्टोबर 2011 मध्ये सरकारने राज्यभर पटपडताळणी केली, तेव्हा हजेरीपटावर असलेली पण बाकावर नसलेली पोरं निघाली. पाठोपाठ शिक्षकभरती अडली. डिसेंबर 2013 मध्ये टीईटी ही पात्रता परीक्षा आली, डिसेंबर 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं पवित्र पोर्टल. दार लोटलं जात असताना बाहेरची रांग चांगलीच लांब होती. शास्त्रोक्त लागवड म्हणतात ती हीच.

इंजिनियरिंगचा इतिहास त्याहून जुना, आणि आमच्या जिल्ह्याला भूषणावह. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी केली आणि त्याच एका वर्षात लोणी, संगमनेर आणि कोपरगाव अशा तीन ठिकाणी इंजिनियरिंग कॉलेजं उभी राहिली. तिन्हींवर साखर कारखान्यांची सावली. (लोणीशेजारी प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी 1950 च्या सुमारास सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा त्याचे अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. फारसं न शिकलेला शेतकरी आणि पुण्याचा प्राध्यापक एका टेबलाशी बसले आणि कुणी कुणाची ‘लाइन’ विचारली नाही. असले प्रकार पुढे बंद झाले ते बरं.) पहिल्या काही हंगामांत ज्यांनी माल बाजारात नेला, त्यांना भाव बरा मिळाला, ही गोष्ट आपल्या पद्धतीत बसत नाही म्हणून सोडून देऊ. फार्मसीची कथा जास्त बोधप्रद आहे. नवीन कॉलेजांना मान्यता देणं हे ज्या फार्मसी कौन्सिलचं काम, तिनेच 2019 मध्ये पाच वर्षं नवी कॉलेजं नकोत असं जाहीर केलं. कापड दुकानदाराने दारात उभं राहून ‘आज कापड घेऊ नका’ म्हणावं, तसं. सुज्ञ पालक यातून काय समजला? मागणी आहे. ती बंदी सप्टेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टात टिकली नाही आणि पाट्या पुन्हा रंगू लागल्या. यंदाचा भाव कशाचा आहे हे सांगायला नको. एआय आणि डेटा सायन्स हे शब्द आता रसवंतीवरही ऐकू येतात. यंदा लावलेलं चार वर्षांनी निघेल. तोवर भाव टिकेल का, असं विचारणाऱ्याने चार वर्षांनंतरचा कांद्याचा भाव आधी सांगावा.

स्पर्धा परीक्षेचा प्रश्न वेगळा. सरकारी नोकरी हा या शेतीतला ऊस. उसाला एफआरपी कायद्याने मिळते, नोकरीला वेतनश्रेणी; भावाची चिंता नाही, पाणी मात्र वर्षानुवर्षं द्यावं लागतं. त्यासाठी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका आहेत. त्यांची रचना कांदाचाळीसारखीच. हवा खेळती ठेवायची, माल दाटीने पण रांगेत लावायचा, आणि मधूनमधून चाळून पाहायचं की कुणाला कोंब तर फुटला नाही.

आता आक्षेप. पहिला नेहमीचाच: पोराच्या आवडीचं काय? हा आक्षेप ऑप्शन फॉर्म न पाहिलेल्यांचा आहे. इंजिनियरिंगच्या कॅप फेरीत तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, आणि 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झालेल्या अकरावीला दहा. इतकी मोकळीक असताना आवड मधेच कशाला? शिवाय फॉर्म भरला जातो तो तालुक्याच्या नेट कॅफेत. तिथलं दृश्य एकदा बारकाईने पाहावं. टेबलावर लॅमिनेशनचं मशीन तापलेलं, कळफलकावरचं ‘ए’ अक्षर पुसून गेलेलं, पोरगं स्टुलावर बसलेलं, आणि खुर्चीत बसलेला ऑपरेटर गेल्या वर्षीची कटऑफची पीडीएफ वर-खाली करत विचारतो, ‘कॉम्प्युटर का मेकॅनिकल? लवकर बोल, मागं लाइन आहे.’ पोरगं काही बोलायच्या आत ओटीपी येतो, तो बापाच्या मोबाइलवर. बाप कांद्याच्या रानात, तिथे रेंज एकच कांडी. तो बांधावर चढून आकडे मोठ्याने सांगतो तोवर ओटीपीची मुदत संपते. दुसऱ्यांदा ओटीपी येतो तेव्हा ऑपरेटरने पहिले वीस कोड आपल्या मनाने टाकलेले असतात. जिल्ह्यातला सर्वांत अनुभवी करिअर सल्लागार तोच, आणि त्याची फी पन्नास-शंभरच्या पुढे जात नाही. शहरातला समुपदेशक यापेक्षा वेगळं काय सांगतो? तोही गेल्या वर्षीचीच पीडीएफ पाहतो, फक्त एसीत.

मुलींच्या बाबतीत पद्धत आणखी सोपी आहे. तिथे कोणती शाखा घ्यायची हे एसटीचं वेळापत्रक ठरवतं. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत पास मोफत आहे, आणि जुलै 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फीही माफ झाली आहे. म्हणजे पैशाची सबब बरीचशी गेली. राहिली शेवटची गाडी. सायन्सचं प्रॅक्टिकल पाचला सुटतं आणि गावची मुक्कामी गाडी स्टँडवरून पावणेपाचला हलते, या पंधरा मिनिटांच्या फरकाने कित्येकींना आर्ट्सची आवड उत्पन्न होते. चौंडीसारख्या गावात जन्मलेल्या अहिल्याबाईंनी राज्य चालवलं, याचा अभिमान जिल्ह्याच्या पाटीवर आला आहे. गाडी पंधरा मिनिटं उशिरा सोडणं हा वेगळ्या खात्याचा विषय.

दुसरा आक्षेप माणसांची नावं घेऊन केला जातो. नेहरूंनी केंब्रिजला रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकलं, मग लंडनला वकिली, आणि 1944 मध्ये नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना पुस्तक लिहिलं ते इतिहासाचं. श्रीरामपूरच्या झहीर खानने इंजिनियरिंग सोडून चेंडू हातात घेतला. हिवरे बाजारचे पोपटराव पवार एम.कॉम. होऊन गावात परतले आणि 1990 च्या आसपास सरपंच झाले. यांतल्या पहिल्या दोघांना अपवाद म्हणून उडवून लावता येतं. सगळ्यांनाच तुरुंग किंवा डावखुरी गोलंदाजी परवडत नाही. तिसरं उदाहरण जरा अडचणीचं आहे. हिवरे बाजारात पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. किती पाऊस पडला, पिण्याला किती, जनावरांना किती, उरलं किती आणि त्यात कोणतं पीक बसतं. उसासारख्या जास्त पाण्याच्या पिकाला तिथे मनाई. जमा आधी मोजायची आणि मगच खर्च ठरवायचा, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. ते शिक्षण बँकेत किंवा सीएच्या ऑफिसात न जाता थेट विहिरीत उतरलं. एम.कॉम.चा भाव त्या साली काय होता, याचा त्या ताळेबंदाशी काडीचा संबंध नव्हता. शिकलेलं खरोखर शिकलेलं होतं, एवढाच होता. आमच्या पद्धतीला हे उदाहरण झेपत नाही हे प्रामाणिकपणे मान्य करतो. म्हणूनच ते सत्कार समारंभात सांगावं, फॉर्म भरताना आठवू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत धोकादायक, कारण तो शेतकऱ्याच्याच तोंडून येऊ शकतो. कोपरगाव-राहात्याकडे सोयाबीन पेरण्याआधी शेतकरी घरच्या बियाण्याची उगवण तपासतो. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर रांगेने ठेवायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं, आठवड्याने उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर पेरायचं, कमी निघाले तर बियाणं जास्त धरायचं, फारच कमी निघाले तर ते पेरायचंच नाही. एका पोत्यासाठी एवढा खटाटोप करणारा माणूस चार वर्षं आणि काही लाख रुपये ज्या वर्गात पेरणार, त्याचे दाणे का मोजत नाही? भाव पाहून लावायची खोड तेवढी शेतातून कॉलेजपर्यंत आली आणि गोणपाट बांधावरच राहिलं, असं कुणी म्हणालं तर लगेच उत्तर सुचत नाही. तरी देतो. कॉलेजं स्वतःच माहितीपत्रक छापतात, त्यावर नॅकची श्रेणी असते, प्लेसमेंट झालेल्या पोरांचे हसरे फोटो असतात, आणि गुळगुळीत कागदावर असतं ते सहसा खोटं नसतं. पोत्यावरही कंपनी उगवणीची टक्केवारी छापते. तरी लोक गोणपाट भिजवतातच, हा त्यांचा दोष.

कॉलेजची उगवण तपासायची झालीच, तर ते अवघड नाही. म्हणूनच त्यापासून सावध करणं भाग आहे. प्रवेशाच्या दिवसांत जाऊन उपयोग नसतो, तेव्हा रांगोळी असते. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमधला एखादा बुधवार धरावा, सकाळी अकराची वेळ. मोठा भाऊ, चुलतभाऊ, कुणी ना कुणी आत शिकत असतोच. वर्गाच्या दारातून बाकावरची डोकी मोजावीत आणि पटावरच्या आकड्याशी ताडून पाहावीत. 2018 मध्ये पुण्या-मुंबईकडच्या ज्युनिअर कॉलेजांत सायन्सच्या पोरांची बायोमेट्रिक हजेरी घ्या असं सरकारला सांगावं लागलं. नाव एका कॉलेजात आणि पोरगं क्लासमध्ये, ही किमया काही एका शहराची नाही. मग प्रयोगशाळेच्या कुलपावर बोट फिरवून पाहावं. ग्रंथालयात एखादं जाड पुस्तक काढून मागच्या चिठ्ठीवरची शेवटची तारीख वाचावी. शिपायाला सहज विचारावं, सर कायमचे किती आणि तासिका तत्त्वावरचे किती. त्याला प्राचार्यांपेक्षा नक्की आकडा माहीत असतो. यातलं काहीही करायला पैसे पडत नाहीत, ओळख लागत नाही, आणि उत्तर त्याच दिवशी मिळतं. एवढ्या स्वस्तात मिळालेल्या माहितीने गेल्या सालचा भाव, मामाचा सल्ला आणि ऑपरेटरचे वीस कोड एका दुपारीत निकाली निघू शकतात. तेव्हा बुधवारी जाऊ नये. गेलंच, तर पोराला सोबत मुळीच नेऊ नये. जूनमध्ये गोणपाट उघडून दाणे मोजायचं काम घरात बहुधा त्याच्याचकडे असतं.