दोन नेल्या, एक आणली

कोकणातल्या घरात एखादी वस्तू 'जपून ठेवली' की तिचं काय होतं, हे पाहायचं असेल तर आमच्या अण्णांची झेनिट पाहावी. झेनिट म्हणजे रशियन कॅमेरा, लेन्ससकट जवळजवळ किलोभर वजनाचा. अण्णांनी तो 1981 साली घेतला, त्यावर चार लग्नं आणि एक मुंज काढली, आणि मग चामड्याच्या पेटीत घालून, पेटीभोवती प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, वर डांबरगोळ्या टाकून फडताळात ठेवून दिला. चिपळूणच्या चाळीस पावसाळ्यांना याहून चांगली सोय कोण करणार? चामडं ओल धरतं, पिशवी ती बाहेर जाऊ देत नाही, आणि काळोखात बुरशी सुखाने संसार थाटते. गेल्या ऑक्टोबरात मी पेटी उघडून लेन्स खिडकीशी धरली, तर आत कोळ्याने जाळं विणावं तशी नक्षी.

"पण पेटी बंद होती," अण्णा म्हणाले. "आत शिरली कशी?" अण्णा चौतीस वर्षं पोस्टात होते. बंद पाकिटात काही शिरतं हे त्यांना पटत नाही.

लेन्स होती हेलिओस 44-2. 58 मिलीमीटरची. मूळ आराखडा येना गावच्या कार्ल झाइसच्या बायोटारचा. महायुद्ध संपल्यावर रशियनांनी तो उचलला आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातून लाखांनी लेन्स काढल्या. अण्णांच्या काळी ती गरिबाची लेन्स होती. आता तरुण मंडळी तिच्यामागे वेडी आहेत, कारण ती मागची झाडं-पानं भोवऱ्यासारखी गरगरवते. अण्णांच्या मुंजीच्या फोटोत मुंज्याच्या मागचे सगळे पाहुणे असे गरगरताना दिसतात. आम्ही इतकी वर्षं ते जेवणामुळे समजत होतो.

तर बेत असा ठरला: मुंबईला जायचं, चोर बाजारात तशीच दुसरी लेन्स मिळते का बघायची, बोरा बाजारात मिस्त्रीला अण्णांची दाखवायची, आणि जी बरी ठरेल ती माझ्या निकॉनला लावायची. बेत ऐकून मेहुणा म्हणाला, "भावोजी, मीपण येतो. मला मर्फीचं बटण हवंय." त्याच्याकडे आजोबांचा मर्फी रेडिओ आहे. तो वाजत नाही, पण त्याचं डावीकडचं बटण नाही हे मेहुण्याला जास्त लागतं.

मध्यरात्रीच्या सुमारास चिपळूणला कोकणकन्येत चढलो. आमच्या बर्थवर एक कुटुंब, नारळांची दोन पोती आणि एक झोपलेलं मूल होतं. मूल हलवायचं नाही असं ठरलं, म्हणून आम्ही हललो. पनवेलपर्यंत मी पोत्यावर बसून मेहुण्याला बुरशीचं शास्त्र सांगितलं: ती नुसती बसत नाही, आम्ल सोडते, ते काचेवरचा लेप खातं, बुरशी पुसता येते, खाल्लेला लेप परत येत नाही. मेहुणा म्हणाला, "म्हणजे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं." आणि झोपला.

सीएसएमटीला उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. टॅक्सीने जे. जे. च्या पुलाखालून मटन स्ट्रीटला आलो. शुक्रवार मुद्दाम निवडला होता. शुक्रवारी इथली पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. अंधारात माणसं बॅटऱ्या घेऊन जमिनीकडे बघत फिरत होती. नवख्याला वाटावं, कोणाची तरी किल्ली हरवलीय. चादरींवर एकेक बूट, घड्याळांचे काटे, टेलिफोनचे रिसीव्हर, दातांची कवळी (वरची, खालची पुढच्या चादरीवर असावी). या बाजाराचं खरं नाव 'शोर बाजार', गोंगाटाचा, असं सांगतात. त्या पहाटे तिथे इतकी शांतता होती की 'चोर'च बरोबर वाटलं.

कॅमेरेवाल्याची चादर सापडली. जुनी लेन्स घेणं आणि बैल घेणं यात फारसा फरक नाही. विकणाऱ्याचं ऐकायचं नाही, तोंड उघडून बघायचं. मी पुढचं-मागचं झाकण काढलं, बॅटरी मागून लावली आणि पुढून तिरकं पाहिलं. सरळ पाहिलं तर सगळ्याच लेन्स सती-सावित्री दिसतात, तिरकं पाहिलं की बुरशी, धूळ आणि धुकट काच कळते. मग आतल्या पाकळ्या उघडमीट करायच्या. त्यांवर तेल चढलेलं असेल तर त्या आळसावतात. शेवटी फोकसची रिंग फिरवायची.

पहिली हातात आली ती पेंटॅक्सची सुपर टाकुमार, 50 मिलीमीटर. काच पिवळीधमक.

"भावोजी, हिला कावीळ झालीय," मेहुणा म्हणाला.

"सोने का पानी है," विकणारा म्हणाला.

खरं कारण दोघांच्याही पलीकडचं होतं. त्या काळी काही काचांत थोरियम ऑक्साइड घालत. थोरियम किरणोत्सारी, त्यामुळे वर्षांनुवर्षांत काच पिवळी पडते. काही आठवडे उन्हात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. हे मी मेहुण्याला समजावून सांगितलं ती माझी चूक. 'किरणोत्सारी' हा शब्द ऐकताच तो तीन पावलं मागे सरकला आणि कोणाच्या तरी पितळी समईवर बसला. समईचे दीडशे रुपये गेले. (ती आता आमच्या देवघरात आहे. जरा कलते.)

दुसरी मात्र हेलिओस निघाली. 44-2. बॅटरीत काच पाहिली आणि माझा श्वास अडकला. स्वच्छ, तळ्याच्या पाण्यासारखी. आठही पाकळ्या कोरड्या. फक्त फोकसची रिंग फिरेना. आतलं रशियन ग्रीस वाळून लाख झालं होतं. मी जोर लावला, मेहुण्याने लावला, शेवटी विकणाऱ्याने स्वतः लावला आणि लालबुंद चेहऱ्याने म्हणाला, "टाइट है, मतलब कम चला है."

"कितना?"

"साडे चार हजार. विंटेज है."

मी बाराशे म्हटलं. त्याने लेन्स परत चादरीवर ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून कवळीवाल्याशी बोलू लागला. आता इथे शहाणा माणूस चालू लागतो. मी शहाणाच होतो, पण मेहुण्याला तेवढ्यात शेजारच्या चादरीवर मर्फीचं बटण दिसलं आणि तो जागचा हलेना. त्याने बटण दहा रुपयांना घेतलं. वर गोल, जड, फाटका लाउडस्पीकर वीस रुपयांना घेतला. "हा कशाला?" तर म्हणे, "मागे लोहचुंबक आहे, कामाला येतं." या व्यवहाराला पंधरा मिनिटं लागली, आणि आम्ही हलत नाही हे पाहून विकणाऱ्याचा असा समज झाला की आम्ही फार पोचलेले गिऱ्हाईक आहोत. सोळाशेला सौदा ठरला. माझ्या आयुष्यातली ही एकमेव घासाघीस, आणि ती मी केलेलीच नाही.

बोरा बाजार सीएसएमटीच्या समोरच. कॅमेऱ्यांच्या दुकानांमधून एक लाकडी जिना वर जातो, त्याला कठड्याऐवजी दोर आहे. वर जेमतेम आठ बाय सहाची खोली, त्यात सत्तरीचे मिस्त्री. त्यांनी आमच्या दोन्ही लेन्स शेजारी शेजारी ठेवल्या आणि चष्मा कपाळावर नेला.

"ये किसकी है?"

"अण्णांची. म्हणजे, पिताजी की."

"काच खलास," ते एकदम मराठीत म्हणाले. "पण मळसूत्र लोण्यासारखं आहे. आणि ही दुसरी, काच नवरीसारखी, मळसूत्र दगड. असं करू, एकीचं एकीत घालू."

हेलिओसच्या काचा एका अख्ख्या नळीत बसवलेल्या असतात. ती नळी बाहेरच्या घरातून सोडवता येते. म्हणजे चोर बाजारच्या काचा अण्णांच्या घरात घालायच्या. कल्पना सोपी होती. मिस्त्रींनी पंखा बंद केला, कारण लेन्स उघडी असताना वारा म्हणजे धूळ. खिडकीही लावली. ऑक्टोबर, मुंबई, आठ बाय सहा. पाच मिनिटांत आम्ही तिघं भाजणीच्या वड्यांसारखे तळून निघालो. "शिंकायचं नाही," मिस्त्रींनी मेहुण्याला बजावलं. त्याला तोपर्यंत शिंक आली नव्हती.

पुढची नावाची गोल पट्टी त्यांनी बाटलीच्या रबरी बुचाने दाबून फिरवली. स्क्रू-ड्रायव्हर लावला असता तर ओरखडा पडला असता. मग दोन टोकांच्या चावीने आतली रिंग सोडवली. अण्णांच्या लेन्सचं मळसूत्र ते तपासत होते तेव्हा मला एक गोष्ट पहिल्यांदा कळली. डब्याच्या झाकणाचा पेच एकाच जागी सुरू होतो. लेन्सच्या मळसूत्राला सुरुवाती अनेक असतात. ते कुठूनही बसतं, गोड फिरतं, आणि तरी चुकलेलं असतं. मग दूरचा डोंगर कधीच स्पष्ट दिसत नाही. म्हणून उघडताना, दोन भाग सुटतात त्या नेमक्या क्षणी, मिस्त्री सुईने दोन्हीकडे बारीक रेघ ओढतात. "रेघ विसरला तो दिवसभर बसला," ते म्हणाले. मग पेट्रोल लावलेल्या फडक्याने जुनं ग्रीस पुसलं आणि काडीच्या टोकावर नवं घेऊन एवढंसंच लावलं. आमच्याकडे लहान मुलाला वेखंड चाटवतात, तेवढं.

आणि इथे मेहुण्याला शिंक आली.

त्याने ती दाबली, पण दाबताना कोपर टेबलाला लागलं. तिळाएवढा स्क्रू टिणकन उडाला. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा काढून ठेवला, जसं घरात काही अशुभ घडल्यावर काढतात. आम्ही तिघंही जमिनीवर. चाळीस वर्षांचे स्क्रू तिथे होते, पण आमचा नव्हता. अखेर मेहुण्याने पिशवीतला फाटका लाउडस्पीकर काढला आणि फरशीवरून पोतेऱ्यासारखा फिरवला. उचलून पाहतो तर चुंबकाला टाचण्या, एक रेझरचं पातं, आणि काठाला चिकटलेला तीळ.

मिस्त्रींनी मजुरीचे आठशे घेतले आणि लाउडस्पीकरची किंमत विचारली. मेहुणा म्हणाला, "देणार नाही."

निघताना मिस्त्रींनी विचारलं, "बॉडी कुठली?" मी निकॉन म्हटलं. ते हसले. "मग दूरचं बघू नका हं."

त्याचा अर्थ घरी कळला. पेचाने बसणाऱ्या या लेन्सला आपल्या बुडापासून सेन्सरपर्यंत 45.46 मिलीमीटर अंतर लागतं. माझ्या निकॉनच्या माउंटपासून सेन्सर 46.5 मिलीमीटरवर. म्हणजे मूळचाच एक मिलीमीटर जास्त, त्यात अडॅप्टरची जाडी. लेन्स तेवढी पुढे सरकली की तिला जवळचं लागतं. मध्ये भिंग असलेले अडॅप्टर मिळतात, पण इतक्या खटाटोपाने मिळवलेल्या काचेमागे साठ रुपयांचं भिंग लावायला मन होईना. थोडक्यात, माझ्या लेन्सला पाच-सहा फुटांपलीकडचं दिसत नाही.

अण्णांनी लेन्स हातात घेतली, चष्मा लावला आणि कपाटातून 1981 ची काळी वही काढली. त्यात कॅमेऱ्याची तारीख, किंमत आणि लेन्सचा नंबर त्यांनी टाकाने लिहून ठेवला होता. त्यांनी पुढच्या पट्टीवरचा नंबर आकडा आकडा जुळवला.

"हा आपला नाही."

"अण्णा, पुढची पट्टी आणि काचा त्यांच्या. बाकी सगळं आपलं."

"नंबर कोणाचा?"

"त्यांचा."

"मग लेन्स त्यांची." पोस्टात पत्ता असतो त्याचंच पाकीट. "आणि आपला नंबर 80 ने सुरू होतो, याचा 77 ने. ते साल असतं. तीन वर्षांनी म्हातारी करून आणलीस."

मी म्हटलं, पहिला फोटो तुमचा काढतो, वही घेऊन बसा. ते ओसरीवर खुर्चीत बसले, मी अंगणात उभा राहिलो. अण्णा म्हणजे पांढऱ्या धुक्यात एक काळा ठिपका, तो ठिपका वही. मी पायरी चढलो, अण्णा उमटले. आणखी पुढे झालो, मिशी दिसली.

"लांबून काढ की. एवढ्या जवळून कोणी फोटो काढतं का?"

"मागे गेलो की तुम्ही दिसत नाही, अण्णा."

"एकाऐंशी साली दिसायचो," ते म्हणाले, आणि वही माझ्या लेन्सच्या तोंडासमोर धरून नंबरावर बोट ठेवलं. नंबर मात्र फार सुंदर आला. मागे अण्णांचा शर्ट गरगरत होता.