भेडाघाटला जाण्यासाठी जुनी पिकअप उंच करण्याचे शास्त्र

जबलपूरहून भेडाघाट वीस-बावीस किलोमीटर. रस्ता डांबरी, थेट पार्किंगपर्यंत. या वाटेने रोज तीनचाकी रिक्षा सुखरूप जातात आणि सुखरूप परततात. म्हणजे पिकअप चार इंच उचलल्याशिवाय इथे निभाव लागणं कठीण, हे उघडच आहे.

शास्त्र सांगण्याआधी त्याचा अधिकारी कोण ते सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. ज्याच्या घरची टाटा २०७ किंवा बोलेरो पिकअप सिमेंटची पोती वाहून आता मोकळी झाली आहे, ज्याची चाळिशी ओलांडली आहे आणि ज्याच्या मेहुण्याने नुकतीच थार घेतली आहे, तो अधिकारी. शेवटची अट सक्तीची नाही, पण बहुतेक उमेदवार ती पूर्ण करतात.

पहिला नियम असा की सुरुवात टायरपासून करायची. सगळे नेमकं उलट करतात. आधी लिफ्ट किट मागवतात, मग चकाकणारे अलॉय घेतात, आणि शेवटी उरलेल्या पैशात टायर शोधतात. तो मडगार्डला घासतो, मग मडगार्ड कापतात. वास्तविक टायर किती मोठा हवा ते ठरलं की गाडी किती उचलायची ते आपोआप ठरतं. पुष्कळदा उत्तर ‘उचलायचीच नाही’ असं येतं. म्हणूनच हा क्रम लोकप्रिय नसावा.

टायरच्या कुशीवरचे आकडे वाचायला शिका. २१५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंची. याच्या जागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास बरोबर ३० मिलिमीटरने वाढतो. पण गाडी उठते त्याच्या निम्मी, म्हणजे १५ मिलिमीटर, कारण उरलेला अर्धा ॲक्सलच्या वरच्या बाजूला जातो. टायरवाला ‘भैया, गाड़ी दो इंच उठ जाएगी’ म्हणेल. त्याला हा हिशेब सांगू नका, त्याला वाईट वाटतं.

मेहुण्याला खिजवायचंच असेल तर ३१ इंची टायर आहेच. मूळच्या टायरपेक्षा त्याचा व्यास सुमारे १२ टक्क्यांनी जास्त. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा आपण ६७ने जात असाल, आणि इंजिनला प्रत्येक गिअर तेवढाच जड पडेल. जुनं डिझेल इंजिन चढावर चौथा सोडून तिसऱ्यात येईल आणि तिथेच राहील. चिखलासाठी बनवलेला खोल नक्षीचा टायर डांबरावर गुणगुणतो, ओल्या डांबरावर ब्रेकला उशिरा दाद देतो. भेडाघाटचा चिखल म्हटला तर पावसाळ्यात पार्किंगच्या कडेला साचतो तेवढा. त्यासाठी एटी, म्हणजे ऑल-टेरेन, टायर पुष्कळ झाला, खरं तर चपलाही चालतात.

दोन गोष्टी मात्र गंभीरपणे. पिकअपला माल वाहणारा, एलटी जातीचा टायर लागतो. मेहुण्याचे उतरवलेले टायर फुकट मिळाले तरी त्यांची भार पेलण्याची क्षमता कमी असू शकते, म्हणून कुशीवरचा लोड इंडेक्स तपासा. आणि कुशीवरच्या तारखेचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी रबराचं वय होतंच.

चाकांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बोल्टांचं वर्तुळ जुळलं पाहिजे, मधलं भोक जुळलं पाहिजे, आणि चाक बाहेर किती येतं ते मोजलं पाहिजे. फार बाहेर आलं तर बेअरिंगवर ताण येतो आणि सगळा चिखल दारांवर उडतो. अर्थात चिखल उडावा हाच हेतू असेल तर गोष्ट वेगळी. लोखंडी डिस्क वाकली तर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हातोड्याने सरळ करतो. अलॉयला तडा गेला की तोच पंक्चरवाला मान हलवतो आणि चहा सांगतो.

आता उचलण्याचा मुख्य विधी. मागच्या पाट्यांचा शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी एकच इंच उठते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागचं हललेलं नसतं. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालता येतो, पण फक्त मागे. पुढे घालाल तर ब्रेक मारताना ॲक्सल पिळवटेल. एखादा जादा पाटा चढवला की गाडी उठते आणि रिकामी असताना मणके मोजून दाखवते. उंची वाढली की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर जातात, ब्रेकचे होज ताणले जातात, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत घुसतात. काही पिकअपना मागच्या ॲक्सलपाशी भार ओळखणारा एक व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू उचललीत की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि मागच्या ब्रेकचा दाब तो आपण होऊन कमी करतो. सिमेंट भरलेलं असतानासुद्धा. जुन्या, निष्ठावान नोकरासारखा तो कोणालाच काही विचारत नाही. लिफ्ट बसवणारा या व्हॉल्व्हबद्दल बोलत नाही, म्हणून आपणच विचारा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापासून गाडी बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टायर, चाकं आणि लिफ्ट हे तीन बदल धरायचे की एक, हा तात्त्विक प्रश्न आरटीओत उपस्थित करू नये. अपघात झाला तर विमा कंपनीही तत्त्वचिंतन करत नाही.

एवढं सगळं करून गाडी दारात उभी राहिली की खरी परीक्षा सुरू होते. जबलपूरच्या मराठी वस्तीत व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेला एक काका असतोच. तो सकाळी दुधाची पिशवी हातात घेऊन येतो, गाडीभोवती एक फेरी मारतो, वाकून मागच्या शॅकलकडे बघतो आणि विचारतो,

“पुढची चाकं ओढतात का रे?”

“नाही काका, मागचीच.”

“मग उचललीस कशाला? माळ्यावर ठेवायची आहे?”

काकाचं काही चुकत नाही. त्याने जोंगा पाहिली आहे. निस्सान पॅट्रोल या गाडीच्या परवान्यावर इथे तयार झालेली ती लष्करी गाडी. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन-कॅरेज असेंब्ली या नावाची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून तिचं नाव पडलं. व्हेइकल फॅक्टरी १९६९ची, आणि जोंगाचं उत्पादन थांबलं ते १९९९च्या सुमारास. पोटात सहा सिलिंडरांचं जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन, पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारही चाकांना ओढ. तिच्यावर टँकभेदी तोफाही चढल्या. तिची उंची कोणाला दाखवण्यासाठी नव्हती, डोंगरातल्या दगडांवरून जाण्यासाठी होती. म्हणून टायर, पाटे, शाफ्टचा कोन आणि गिअर हे सगळं एकमेकांना विचारून ठरलं होतं. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जोंगा अजून हौशी लोक शोधत असतात, आणि धोनीनेही २०१९ मध्ये रांचीत एक आणली. तिच्या पेट्रोलचा खर्च धोनीला परवडतो, ही गोष्ट इथे नोंदवून ठेवतो.

म्हणून माझा निर्णय असा: जोंगा घ्यायची ऐपत नसेल तर पिकअपला मूळ मापाचे, नव्या तारखेचे, चांगले एटी टायर घाला, थकलेले शॉकअप बदला आणि झिजलेल्या पाट्यांचा संच नवा करा. बसलेल्या गाडीचे पाटे बदलले की तिची गेलेली उंची परत येते. तीच तुमची लिफ्ट. कागदावर काही बदलत नाही, आणि मेहुण्याला वाटतं तुम्ही काहीतरी केलं आहे.

तरीही उचलणारच असाल, तर भेडाघाटला गाडी कुठे उभी करायची ते आधी ठरवा. धुवांधार धबधब्यापर्यंत मूर्ती आणि शंखशिंपल्यांच्या दुकानांमधून चालत जावं लागतं, चौंसष्ट योगिनी मंदिराला पायऱ्या आहेत, आणि पंचवटी घाटावरून निघालेली नाव एकदा संगमरवराच्या कड्यांमध्ये शिरली की पार्किंग दिसत नाही. परतल्यावर गाडीखाली वाकून यू-बोल्ट आवळलेले आहेत का ते बघा. पाटे बदलले असतील तर पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ते सैल पडतात, आणि पुन्हा आवळून घ्यावेच लागतात.