स्पीडकाका

लोणावळ्यात नेट स्लो झालं की लोक आधी कंपनीला फोन लावत नाहीत. बाल्कनीत येऊन दुसऱ्या मजल्याकडे बघत ओरडतात, "काका, तुमचं चालू आहे का?" तुंगार्ली म्हणा, वलवण म्हणा, खाली कामशेत-वडगाव म्हणा, असे एक काका प्रत्येक सोसायटीच्या नशिबी असतातच. आमचे रेल्वेतून रिटायर झालेले. हयात भोर घाटात गेली. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात आणि 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा तो चढ गाडीला चढवून देतात. या कामात मुरलेल्या माणसाच्या मनात एक गोष्ट पक्की बसते : गाडी हळू चाललीय म्हणजे कुणाची तरी चूक आहे, आणि ती सापडलीच पाहिजे.

काकांना नेट लागतं सकाळी फुलांचे मेसेज पाठवायला आणि दुपारी घाटातल्या इंजिनांचे व्हिडिओ बघायला. त्याला पाच एमबीपीएस पुष्कळ झालं. प्लॅन घेतलाय शंभरचा. उरलेल्या पंच्याण्णवाचं करायचं काय, तर मोजायचं. कॉम्प्युटर, स्वतःचा मोबाइल आणि काकूंचा टॅब, तिन्हींवर एकाच वेळी स्पीड टेस्ट लावतात. का, तर तुलना झाली पाहिजे. तिघांत वाटणी होऊन प्रत्येकी तीस-पस्तीस हाती येतात आणि काका वहीत लाल पेनने लिहितात, "चोरी."

केबलवाला पोरगा भाज्याहून बाइकवर येतो. पावसाळ्यात तो रेनकोटसकट दारात निथळत उभा राहतो आणि काका त्याला आधी चहा देतात, मग झाडतात. एकदा फाइल डाउनलोड होताना पडद्यावर सेकंदाला 12 असा आकडा दिसला. "शंभरचे पैसे घेता आणि बारा देता?" पोराने शांतपणे सांगितलं, "काका, प्लॅन बिटमध्ये असतो, तुमचा कॉम्प्युटर बाइटमध्ये दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट. शंभर भागिले आठ करा." काकांनी वही ओढली, भागाकार मांडला, दोनदा तपासला. साडेबारा आले. बराच वेळ गप्प बसले. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग तो वरचा अर्धा कुठे गेला?"

खरा घोटाळा राऊटरच्या जागेचा होता. माकडं खिडकीतून आत येतात आणि वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात भिंतींनाही ओल येते, म्हणून काकांनी राऊटर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवला होता. दार बंद. वायफाय म्हणजे शेवटी रेडिओलहरी; लोखंडातून त्या कशा जाणार? पोराने राऊटर बाहेर काढला आणि हॉलमध्ये उंचावर ठेवला. 5 गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीला दबणारं, 2.4 भिंतीपलीकडे जाणारं पण हळू आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी गजबजलेलं, हेही समजावलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. पोराची पाठ वळताच राऊटर पिशवी चढवून पुन्हा कपाटात गेला, ओल लागू नये म्हणून. पण कपाटाचं दार मात्र उघडं राहिलं. एवढी तडजोड मोठीच म्हणायची.

आतल्या खोलीसाठी त्यांनी रिपीटर आणला. "हा आपला बँकर," असं काकूंना सांगितलं. स्वस्तातला रिपीटर ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. आकडा बघून काका खुर्चीत बसले. मागून ढकलणाऱ्याने गाडी निम्मी केल्याचं त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

शनिवार-रविवार हा त्यांचा खास सीझन. भुशी धरणाकडे गाड्यांची रांग लागली की काका बाल्कनीतून बोट दाखवतात, "हे सगळे माझ्या नेटवर रील टाकतायत." रस्त्यातले पर्यटक मोबाइल टॉवरवर ताण आणतात, काकांच्या फायबरशी त्यांचा संबंध नाही. पण शनिवारी रात्री मागच्या बंगल्यांमध्ये मुंबईकर येऊन सिनेमे लावतात, आणि एकाच फायबरची लाइन फाटे फोडून बऱ्याच घरांना वाटलेली असते. म्हणजे आरोप तसा अगदीच हवेतला नाही, फक्त आरोपी चुकतो.

1995 च्या 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा फोनच्या तारेवरून सेकंदाला 9.6 किलोबिट आले तरी लोकांना अप्रूप होतं. काकांकडे त्याच्या दहा हजार पट आहे. हे त्यांना सांगून काही उपयोग नाही. माझं मत असं, की त्यांना वेग नकोच आहे, बिघाड हवा आहे. बिघाड असला की चार माणसं दार वाजवतात, वही उघडते, पोरगा चहाला येतो.

गेल्या आठवड्यात पोराने गंजलेली पिन बदलली आणि आकडा आला थेट 100. काकांनी पुन्हा टेस्ट लावली. पुन्हा 100. काकूंचा टॅब बंद करून, खिडकी उघडून, खिडकी लावून. तेच. मग त्यांनी कस्टमर केअरला फोन लावला आणि जुन्या ड्युटीवरच्या आवाजात तक्रार नोंदवली, "तुमचं मीटर अडकलंय. माणूस पाठवा."