नव्या पेगनाने तोंड कधी उघडावं

अभिनंदन. तुम्ही इंग्लंडात राहता, तीन महिन्यांपूर्वी पेगन, म्हणजे निसर्गपूजक, झालात, आणि आता ही बातमी दूधवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना सांगायला जीभ शिवशिवतेय. जरा दमानं. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ७४ हजार जणांनी आपला धर्म पेगन लिहिला. त्यांपैकी कुणीही तुम्हाला भरती अधिकारी नेमलेलं नाही.

लपवायचंही कारण नाही. लॅटिनमध्ये ‘पेगन’ शब्दाचा मूळ अर्थ गावाकडचा, थोडक्यात, गावंढळ. शिवी होती, ती आता खुशाल मिरवा. वर्तुळातला पाच टोकांचा तारा, म्हणजे पेंटॅकल, शर्टाबाहेर येऊ द्या. शेजारी क्रूस घालतो, तुम्ही तारा घाला. फक्त तो बशीएवढा नसावा.

कुणी विचारलं, ‘हे काय?’ तर म्हणा, ‘मी पेगन आहे,’ आणि लगेच चहाचा घोट घ्या. घोट महत्त्वाचा. तोंड भरलेलं असलं की व्याख्यान टळतं. समोरच्याला खरोखर रस असेल तर तो दुसरा प्रश्न विचारेलच: ‘पाच टोकं कशाची?’ मग पृथ्वी, आप, तेज, वायू आणि चैतन्य सांगा. (समोर मराठी माणूस असेल तर सांगू नका. ‘अहो, ही तर आमची पंचमहाभूतं!’ म्हणून तो जो सुरू होईल, की प्रचार नक्की कोण करतंय तेच कळेनासं होईल.)

इतिहासाला हात घालताना जपून. ‘आमचा धर्म हजारो वर्षं अखंड चालत आलाय’ हे विक्कावाल्यांनी, म्हणजे चेटकालाच धर्म मानणाऱ्या पेगनांनी, तर म्हणूच नये. इंग्लंडातला चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि विक्का लोकांसमोर आणणाऱ्या जेराल्ड गार्डनरचं ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक १९५४ मध्ये आलं. म्हणजे तुमचा प्राचीन धर्म आजच्या रूपात बहुधा तुमच्या आजीपेक्षा धाकटा आहे. त्याने काही बिघडत नाही. आजीला मात्र सांगू नका.

खरी परीक्षा डिसेंबरात. ऑफिसात कुणीतरी स्टुलावर चढून झाडाला चांदणी लावत असेल आणि तुमच्या ओठांवर येईल, ‘हे झाड मुळात आमचं!’ आवरा. सजवलेल्या ख्रिसमस झाडाच्या लेखी खुणा सोळाव्या शतकातल्या जर्मन भागांत सापडतात, आणि ती लावणारे चांगले ख्रिस्ती होते. त्यापेक्षा स्टूल धरा. एकवीस-बावीस डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या सणाला, घरून केक आणा. ‘कशाबद्दल?’ ‘आज यूल.’ बस्स. लोकांच्या तोंडात केक असताना सूर्याचा पुनर्जन्म काढू नये, ठसका लागतो.

श्रद्धा दगडधोंड्यांवर आणि झाडांवरही लादू नका. पाच हजार वर्षं टिकलेल्या थडग्यात पूजा म्हणून छोट्या मेणबत्त्या लावल्या की दगडावर काजळी धरते, उष्णतेने तो तडकतोही. पवित्र विहिरीकाठच्या झाडाला नवसाची म्हणून नायलॉनची फीत बांधाल तर ती कुजत नाही. फांदी जाड होत जाते, फीत सालीत रुतत जाते. बांधायचीच असेल तर सुती चिंधी बांधा, तीही सैल.

शेवटी, एखाद्या शनिवारी सकाळी दोन नीटनेटकी माणसं धर्मप्रचाराची पत्रकं घेऊन दाराशी येतील. हीच ती संधी, असं वाटेल. पत्रक घ्या, आभार माना. त्यांची नजर तुमच्या ताऱ्यावर जाईल. दार उघडण्याआधी चहाचा कप हातात घ्यायला मात्र विसरू नका.