काळ्या टी-शर्टातलं सोवळं

हेवी मेटल ऐकणारी मंडळी बंडखोर असतात, असा एक जुना गैरसमज आहे आणि तो टिकवण्यात खुद्द मेटलवाल्यांचा हात मोठा आहे. खांद्यापर्यंत केस, काळा टी-शर्ट, त्यावर दात विचकणारा सांगाडा आणि शेजाऱ्याला घर विकावंसं वाटेल इतका आवाज, एवढी सामग्री जमल्यावर लोकांना दुसरं काही सुचणंही कठीण. पण माणूस बंडखोर आहे की नाही हे त्याच्या कपड्यांवरून ठरवू नये, तो कशाची वाट पाहतोय त्यावरून ठरवावं. मुरलेल्या मेटल बँडचा दौरा जाहीर होतो आणि पहिला कार्यक्रम कित्येक महिने दूर असतो, त्या मधल्या काळात त्याचे चाहते काय काय मागतात, कशाला घाबरतात आणि कशावरून भांडतात हे नीट पाहिलं, तर माझं मत असं होतं की यांच्याइतका कर्मठ श्रोता भूतलावर दुसरा नसेल. चातुर्मास पाळणाऱ्या एखाद्या आजींनाही यांच्यासमोर आपण जरा सैल आहोत असं वाटावं.

उदाहरण आयर्न मेडनचं घेऊ. स्टीव्ह हॅरिसनं हा बँड पूर्व लंडनमध्ये १९७५ च्या नाताळात काढला. पन्नाशीनिमित्त ‘रन फॉर युअर लाइव्ह्ज’ हा दौरा सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला, आणि पहिला कार्यक्रम होता २७ मे २०२५ ला, बुडापेस्टला. म्हणजे वाट पाहायला आठ महिने. जाहिरातीतलं मुख्य आश्वासन असं होतं की गाणी पहिल्या नऊ अल्बममधलीच असतील, म्हणजे १९८० ते १९९२ एवढ्याच काळातली. सगळ्यात ताजं गाणंसुद्धा तेहेतीस वर्षं मुरलेलं! आपण काहीही नवीन वाजवणार नाही, असं छातीठोक सांगून तिकिटं विकणं बाकीच्या करमणूक उद्योगाला झेपेल का? इथे लोकांनी आनंदानं एकमेकांचे खांदे बडवले. उलटा प्रयोग याच बँडनं २००६ मध्ये करून पाहिला होता. तेव्हा त्यांनी त्या वर्षीचा नवाकोरा अल्बम मंचावर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. थोडक्यात, प्रस्थापिताला धक्का देणं, जुन्या यशावर न जगणं वगैरे जे बंडखोराला मनापासून आवडायला हवं, तेच केलं. त्यावर चाहत्यांमध्ये जी कुरकूर झाली, ती पाहता बंड मंचावर चाललं होतं आणि खाली प्रस्थापित उभे होते, असं म्हणायला हरकत नाही. २०२३ च्या दौऱ्यात ‘रन टू द हिल्स’ आणि ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ ही दोन गाणी वगळली, तेव्हाही नैवेद्याच्या ताटातून वरणभात काढून घेतल्यासारखे चेहरे झाले होते.

त्याच २०२३ च्या दौऱ्यातला दुसरा पुरावा याहून भक्कम आहे. १९८६ च्या अल्बममध्ये सिकंदरावर एक लांबलचक गाणं आहे. बँडनं ते कधीच मंचावर वाजवलं नव्हतं. चाहत्यांनी ते प्रत्येक दौऱ्याआधी मागितलं, प्रत्येक दौऱ्यानंतर हळहळ केली आणि पुढच्या दौऱ्याआधी पुन्हा मागितलं. असा क्रम सदतीस वर्षं चालला. प्रत्यक्ष सिकंदर तेहेतिसाव्या वर्षी गेला, म्हणजे त्याच्या आयुष्यापेक्षा त्याच्या गाण्याची प्रतीक्षा मोठी झाली. अखेर २०२३ मध्ये ते वाजलं आणि मोठमोठे दाढीवाले रडले. बंडखोर माणूस एखादी गोष्ट मिळाली नाही तर निघून जातो किंवा तोडफोड करतो; सदतीस वर्षं तोच अर्ज पुन्हा पुन्हा दाखल करण्याची चिकाटी फक्त परंपरेवर श्रद्धा असलेल्या माणसातच असते. सेटलिस्टवरचे वादही असेच शास्त्रार्थाच्या थाटात चालतात. अमुक गाणं अमुक दौऱ्यात तिसरं होतं, तर आता पाचवं कसं? गायकाला सलग दोन गाण्यांत इतक्या चढ्या पट्टीत गायला लावणं कितपत योग्य? आधार दिल्याशिवाय बोलायचं नाही, हा तिथला अलिखित दंडक आहे. तो आपल्या टीव्हीवरच्या चर्चांना लागू झाला तर किती शांतता होईल, हा मोह मात्र आवरायला हवा.

आणि विधी पाहा. मेडनचा कार्यक्रम सुरू होण्याआधी ध्वनिक्षेपकावर यूएफओ या दुसऱ्याच बँडचं ‘डॉक्टर डॉक्टर’ हे गाणं लागतं. ते लागलं की बाहेर बिअर घ्यायला गेलेले सगळे धावत आत येतात, कारण घंटा झाली. एडी हा बँडचा राक्षस मंचावर केव्हा अवतरणार याचे संकेत ठरलेले. सगळं संपल्यावर माँटी पायथनचं एक हसरं गाणं लागतं, ते ऐकल्याशिवाय घरी जायचं नाही. मधल्या दोन तासांत काय असतं? क्रिमियन युद्धातला घोडदळाचा हल्ला, ब्रिटनच्या आकाशातली विमानांची लढाई आणि कोलरिजच्या दीर्घकवितेवरचं पावणेचौदा मिनिटांचं गाणं. गायक ब्रूस डिकिन्सननं लंडनमध्ये इतिहासाची पदवी घेतली आहे, हे इथे अजिबात लपत नाही. १९८२ मध्ये याच बँडवर अमेरिकेत सैतानपूजेचा आरोप झाला, धर्मनिष्ठांनी त्यांच्या तबकड्या जाळल्या. त्या बिचाऱ्यांना कोणी सांगायला हवं होतं, की आपली मुलं जिकडे चाललीयत तो जादा तास आहे. फरक इतकाच की शाळेत कोलरिज पाठ करायला सांगितला तर ज्यांना ताप येतो, ते इथे पैसे भरून तो कोरसमध्ये म्हणतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हा कर्मठपणा मेटलचा नाही, वयाचा आहे. साठीकडे झुकलेले लोक कोणत्याही संगीतात आपलं तारुण्यच मागतात. आपल्याकडे बालगंधर्व उतारवयातही शालू नेसून उभे राहत, आणि समोरच्या रसिकांना नायिकेचं वय दिसत नव्हतं असं नाही, त्यांना जे ऐकू यायचं होतं ते यायचं. युक्तिवाद चांगला आहे, पण तो मुंबईत येऊन अडखळतो. १ फेब्रुवारी २००८ ला मेडननं वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानात आपला जागतिक दौरा सुरू केला. विषय होता ऐंशीच्या दशकातली गाणी, मंचावर १९८४ च्या अल्बममधला इजिप्त, आणि बँडला घेऊन जगभर फिरणारं बोइंग ७५७ चालवायला खुद्द डिकिन्सन. समोर बहुतांश पोरं विशीतली. ज्या काळाच्या आठवणीनं गळा दाटून यावा, त्या काळात यातली निम्मी जन्मलीच नव्हती. त्यांना शब्द येत होते, सोलो येत होते, सोलोच्या जागी तोंडानं म्हणायचे सूरही येत होते. ही गतकातरता असेल तर ती दुसऱ्याच्या तारुण्याची आहे. आणि न पाहिलेल्या काळाचे नियम प्राणपणानं पाळायचे, यालाच तर आपण परंपरा म्हणतो. माझा अनुभव नाही पण निरीक्षण आहे, की अशा बाबतीत नवदीक्षित हा वडीलधाऱ्यांपेक्षा कडक असतो.

दुसरा आक्षेप व्यापाराचा. हे सारं बँडच्या व्यवस्थापनानं चढवलेलं सोंग आहे, पन्नाशी म्हणजे टी-शर्टांचा हंगाम, असं चतुर लोक म्हणतात. टी-शर्ट विकले जातात, प्रश्नच नाही. पण व्यवस्थापक रॉड स्मॉलवूडनं दौऱ्याआधी चाहत्यांना विनंती केली, की फोन खिशात ठेवा आणि कार्यक्रम डोळ्यांनी पाहा. फुकटची जाहिरात करणारे हजारो कॅमेरे बंद ठेवा म्हणणं हा कोणता धंदा? आणि त्यावर बंडखोरांची प्रतिक्रिया काय झाली? कोण आम्हाला सांगणार, असं म्हणण्याऐवजी बहुतेकांनी टाळ्या वाजवल्या आणि फोन काढणाऱ्या शेजाऱ्याकडे कसं रोखून पाहायचं याची तयारी सुरू केली.

तिसरा आक्षेप मात्र मला गंभीरपणे घ्यावा लागतो. ऑक्टोबर २०११ मध्ये गुरगावला मेटॅलिकाचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला आणि जमावानं अडथळे मोडून मंचाची नासधूस केली. हे सोवळ्यातलं वागणं नव्हे. त्याचं समर्थन करायचं कारण नाही. पण कशामुळे बिथरले ते पाहिलं पाहिजे: व्यवस्थेच्या विरोधात ते उठले नव्हते, व्यवस्था ठरल्या वेळी सुरू झाली नाही म्हणून उठले होते. दोनच दिवसांनी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर तोच बँड ठरल्याप्रमाणे वाजवायला उभा राहिला आणि कार्यक्रम नीट पार पडला. गर्दीत एकमेकांवर आदळणाऱ्या मोशपिटलाही नियम असतात. कोणी पडला तर खेळ थांबवून आधी त्याला उभं करायचं, हरवलेला बूट वर धरून मालक शोधायचा, आणि मग पुन्हा आदळायचं. लोकलच्या दारात इतकी शिस्त दिसली तर वर्तमानपत्रात बातमी येईल.

राहता राहिला ड्रमरचा प्रश्न, आणि माझ्या म्हणण्याची खरी कसोटी तोच आहे. ७ डिसेंबर २०२४ ला, म्हणजे प्रतीक्षेचे जेमतेम अडीच महिने सरतात तोच, बँडचा ड्रमर निको मॅकब्रेननं साओ पाउलोच्या कार्यक्रमानंतर दौऱ्यांतून निवृत्ती घेतली. वय बहात्तर, २०२३ च्या सुरुवातीला पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला, आणि त्यातूनही तो दोन वर्षं वाजवत राहिला होता. बँडमध्ये तो १९८२ च्या अखेरीस आला, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ तोच ताल. त्याच्या जागी हॅरिसच्या दुसऱ्या बँडमधला सायमन डॉसन येणार, हेही लगेच जाहीर झालं. आता परंपरावादी म्हणवणारे हे लोक नवा माणूस कसा चालवून घेतील? चालवून घेतला, पण परीक्षा घेऊन. निकोचा उजवा पाय एकाच पेडलवर जे करायचा ते हा करेल का, इथपासून चर्चा झाली, आणि पाच महिने डॉसनची एकही काठी ड्रमला लागलेली न ऐकता त्याच्याविषयी दोन पक्ष पडले. बुडापेस्टनंतर जाणकारांच्या एका गटानं निकाल दिला, की गाणी थोडी संथ वाटतात, आणि दुसऱ्या गटानं लगेच मूळ तबकड्या लावून सिद्ध केलं, की हाच तर अस्सल वेग. नव्या माणसाचं त्यांना सुचलेलं सगळ्यात मोठं कौतुक हेच होतं, की तो पहिल्यासारखं वाजवतो. निको इतकी वर्षं मंचावर गाणी जरा पळवतच होता, असा अर्थ त्यातून निघतो. पण तो आता निवृत्त झालाय, तेव्हा त्याला कोणी काही बोललं नाही.